माघारी आलेल्यांचे अहवाल दप्तरात का कुजताहेत?

मा. क्रीडामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

फसलेल्या मोहिमांचे अहवालही सर्व गिर्यारोहकांना खुले करू, असं आश्वासन आपण व्यासपीठावरून दिलं होतं. त्याच भरवशावर मी आमच्या फसलेल्या मोहिमेचा अहवाल खुला करण्याची विनंती केली. गेल्या आठवड्यात आपल्या खात्याचं एका ओळीचं उत्तर आलं: 'शिखर सर न झाल्याने अहवाल दप्तरी दाखल.'

तो अहवाल कुणी उघडून तरी पाहिला का? दक्षिणेकडची घळ नकाशावर सोपी दिसते. पण सकाळी वरच्या कड्यावर ऊन पडलं की बर्फात घट्ट बसलेले दगड सुटतात आणि थेट घळीतून खाली येतात. जायचं तर रात्रीच, आणि उजाडण्यापूर्वी डावीकडची धार गाठायची. उतरताना दोर बांधायला जो खडक भक्कम वाटतो तो पोकळ आहे. हातोडी मारली की बद्द वाजतो. हे सगळं त्यात फोटोंसह लिहिलंय. घळीतून येणाऱ्या त्याच दगडांपैकी एकानं माझा खांदा मोडला. आजही हात डोक्याच्या वर जात नाही, रात्री कूस बदलली की कळ येऊन जाग येते. मला सत्कार नको होता, भरपाईही नको होती. तसा दगड दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बसू नये, एवढंच हवं होतं. आणि तुम्ही यंदा त्याच घळीचा परवाना आणखी एका तुकडीला दिलात! त्यांनी माहिती मागितली, तर म्हणे 'उपलब्ध नाही'.

इतिहास तरी वाचा. १९५२ च्या वसंतात स्विस पथकातले लँबर्ट आणि तेनझिंग एव्हरेस्टवर सुमारे ८,६०० मीटरवरून परतले. त्याच वर्षी शरदात स्विस पथकानं शेजारच्या ल्होत्से शिखराच्या उतारावरून साउथ कोल या खिंडीची वाट काढली, पण शिखर काही मिळालं नाही. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेनं तीच वाट धरली. त्या मोहिमेतही २६ मे रोजी बूर्डिलन आणि इव्हान्स साउथ समिटवरून, म्हणजे माथ्याच्या अलीकडच्या उपशिखरावरून, मागे फिरले. पुढची धार कशी दिसते ते त्यांनी सांगितलं, उरलेला ऑक्सिजन वर ठेवला, आणि तीन दिवसांनी हिलरी-तेनझिंग माथ्यावर होते. काठमांडूत एलिझाबेथ हॉली या पत्रकार बाई कित्येक दशकं मोहिमांना गाठून नोंदी करत राहिल्या, शिखर सर झालेलं असो वा नसो. त्यांनी जे सुरू केलं ते तुमच्या अख्ख्या खात्याला जमत नाही?

आणि खातं तरी एकटं कुठंय! परवाना देणाऱ्याला शुल्क हवं, प्रायोजकाला माथ्यावरचा फोटो, वर्तमानपत्राला मथळा. परत फिरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. मग लोक 'हवामान बिघडलं' एवढंच लिहून मोकळे होतात. वाट कुठे चुकली, दोर कुठे कमी पडला, हे लिहिलं तर पुढचा परवाना अडेल ही धास्ती. तुमच्या अर्जातच 'यापूर्वीची अपयशी मोहीम' असा रकाना आहे, आणि त्यापुढे कारण लिहायला जागा नाही! ही व्यवस्था माणसांना खोटं लिहायला शिकवते आणि मग अपघात झाला की चौकशी समिती नेमते.

परवानगीशिवाय अहवाल प्रसिद्ध करू नये, ही अट तुमच्याच परवान्यावर छापलेली आहे, म्हणून इतके दिवस थांबलो. ती तुकडी पुढच्या महिन्यात निघतेय. त्याआधी आमचा अहवाल त्यांच्या हातात द्या. तुम्ही देणार नसाल तर मी देणार आहे. मग मला खुशाल काळ्या यादीत टाका.

आपला,
एक गिर्यारोहक