वाळू आणि मणी

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

गडचिरोलीतल्या एटापल्लीला जायचं नक्की झालं म्हणालीस, तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. आशाताईंच्या हाती गरोदर बायकांच्या नोंदीचे टॅब द्यायचे, काम चांगलंच आहे. पण बाई, पोचल्या पोचल्या पिशवीतून टॅब काढू नकोस.

मी नर्स म्हणून नवीनच लागले होते. एका बाळंतिणीच्या घरी आढ्याला वजनकाटा टांगला आणि बाळ झोळीत घालायला गेले, तर आजीने ते ओढूनच घेतलं. "बाजारातल्या मालासारखं तोलतेस? दृष्ट लागेल त्याला!" मी तिला तोंडावर अडाणी म्हटलं. पुढे दोन महिने त्या घराचं दार मला उघडलं नाही. मग माफी मागितली, कामाशिवाय नुसती बसायला जाऊ लागले. एक दिवस आजीनेच आपलं मऊ जुनं लुगडं फाडून दिलं. म्हणाली, यात घाल, आणि आकडा मोठ्याने बोलू नकोस. तेव्हापासून मी वजन आईच्या कानात सांगत असे. काटा तोच होता.

गडचिरोलीत शोधग्राम, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची आरोग्यसंस्था, पाहून ये. तिथल्या सुईणींना 10-12 च्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर श्वास मोजायला हवेत. बंग दांपत्याने त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी जोडलेलं साधन केलं. 10 श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी आला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी 60 श्वासांची ओळ, मोठ्यासाठी 50 ची. सुईणीला आकडे शिकवत बसले असते तर तोवर किती बाळं गेली असती! दवाखानाही गोंडांच्या पाड्यासारखा, झोपड्यांचा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

तुमच्या टॅबमधला आवाज मराठी आहे ना? तिथे घरात माडिया बोलतात. तिथल्याच एखाद्या बाईकडून तो माडियात म्हणवून घ्या. मोहाच्या दिवसांत पहाटे बायका फुलं वेचायला गेलेल्या असतात, तेव्हा घरोघर हिंडू नकोस. आणि पोटातल्या बाळाची गोष्ट कितव्या महिन्यापर्यंत बाहेर बोलायची नसते, हे तिथल्या एखाद्या म्हातारीला आधी विचार. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
आई