टॉवरच्या बॅटरीबद्दल दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. इथे रेंज एकाच टॉवरची, सरकारी बीएसएनएलच्या. तो ‘४जी झाला’ असं ग्रामसभेत दोनदा सांगून झालं. मोबाइलवर ४जी अशी अक्षरंही उमटतात. अक्षरांबद्दल आभारी आहे.

गौरी विसर्जनाच्या रात्री माझे सासरे, नाना, खळ्यात घसरून पडले. खुबा मोडला. संध्याकाळपासून लाइट नव्हती, आणि लाइट गेली की टॉवरही जातो. त्याच्या बॅटऱ्या कधीच मेल्यात. माझी मात्र चालते, टॉर्चची. ती घेऊन भर पावसात सड्यावर, वाडीच्या वरच्या कातळपठारावर, धावले. तिथे तालुक्याच्या टॉवरची रेंज मिळते. १०८ चौथ्या खेपेला लागला. पत्ता सांगितला आणि खाली आले, म्हणजे रेंजबाहेर आले. ॲम्ब्युलन्सवाला फाट्यावर पोचून मला फोन लावत बसला, कुठला रस्ता विचारायला. पाऊण तास! शेवटी शेजारचा मुलगा मोटरसायकलने त्याला हुडकायला गेला. तोवर नाना ओटीवर, दात आवळून, गप्प. एरवी चहा पाच मिनिटं उशिरा आला तर घर डोक्यावर घेणारा माणूस.

तक्रार केली. तीन दिवसांनी सड्यावर गेले तेव्हा मेसेज पडला, ‘तक्रार निकाली काढली’. कोणी हो? वाडीत तर कोणी फिरकलं नाही. पूर्वी लाइनमन होता, दिवाळीला पोस्त मागायचा, पण त्याला तोंडावर चार शिव्या देता यायच्या. २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत ७८ हजार माणसं घरी गेली म्हणतात. आता शिव्या कुणाला द्यायच्या? टॉवरवाले म्हणतात लाइट नाही, लाइटवाले म्हणतात झाड पडलं, आणि झाड निघतं वनखात्याचं.

आणि पैसे नाहीत असं तरी सांगू नका. सरकारी कंपनी सावरायला २०१९ ला ६९ हजार कोटी, २०२२ ला १ लाख ६४ हजार कोटी, २०२३ ला परत ८९ हजार कोटी. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ओडिशातून ९७ हजार ५०० टॉवर एका दिवसात देशाला अर्पण केले. एवढ्या शून्यांत आमच्या एका टॉवरच्या बॅटऱ्या बसत नाहीत?

१९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं. उघडलं असेल, मुंबईत. आमच्या साठ उंबऱ्यांसाठी कोण टॉवर उभारतंय? त्या कंपन्या कमाईतले ५ टक्के खेड्यांच्या नावाने निधीत भरतात. म्हणजे आमचे हे मुंबईत रिचार्ज मारतात त्यातलेही काही पैसे माझ्याच नावाने दिल्लीला जातात. रेशनला अंगठा, बँकेला ओटीपी, सातबारा ऑनलाइन. सगळं ऑनलाइन आधी केलंत, लाइन मागाहून बघू म्हणालात.

नाना आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. मला फक्त टॉवरला नव्या बॅटऱ्या हव्यात, आणि लाइट गेल्यावर जनरेटर सुरू करणारा एक माणूस.

काही कळवायचं झालं तर संध्याकाळी पाच ते साडेपाच फोन करा. तेव्हा मी गुरं आणायला सड्यावर असते.

आपली,
वाडीतली एक ग्राहक