सासूबाईंच्या गोळ्यांविषयी

चि. मेघना हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फिट येऊ लागल्यापासून तुझ्या सासूबाईंना फेनोबार्बिटोन सुरू झाले आणि महिन्याभरात, अ‍ॅम्लोडिपिनची गोळी नियमित घेऊनही, त्यांचा रक्तदाब पुन्हा १६०च्या वर जाऊ लागला, हे तुझ्या पत्रावरून समजले. घरात सर्वांनी लोणच्या-पापडाला दोष दिला, असेही तू लिहिले आहेस. मीठ कमी असावे हे खरेच; पण या वयात त्यांना पथ्यावरून बोल लावण्याआधी दुसरे एक कारण तपासायला हवे.

फेनोबार्बिटोन हे १९१२ सालापासून वापरात असलेले गुंगीचे औषध आहे. त्याच्या परिणामाने यकृतात औषधांचे विघटन करणारी एन्झाइम्स वाढतात आणि अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, मेटोप्रोलॉल यांसारखी रक्तदाबाची औषधे नेहमीपेक्षा लवकर निकामी होतात, त्यामुळे गोळी वेळेवर पोटात जाऊनही रक्तात तिचे प्रमाण पुरेसे राहत नाही. हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू होतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत तुमच्यापैकी कोणाला शंका आली नसावी. अ‍ॅटेनोलॉलसारखे रक्तदाबाचे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे त्यावर हा परिणाम फारसा होत नाही. अर्थात, कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

शेजारच्या काकूंची झोपेची गोळी, म्हणजे अल्प्राझोलाम, या प्रकारात मोडत नाही. ती उलट रक्तदाब थोडा उतरवते आणि रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते, म्हणून त्यांच्या अनुभवावरून सासूबाईंबाबत काही ठरवू नकोस.

माझी सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. हे वाचून कोणी फेनोबार्बिटोन एकदम बंद केले, तर फिट पुन्हा, आणि अधिक जोराने, येऊ शकते. शिवाय डॉक्टरांनी पुढे ते कमी करत बंद केले, तरी काही आठवड्यांत एन्झाइम्स पूर्ववत होतात आणि तोवर वाढवून ठेवलेली रक्तदाबाच्या गोळीची मात्रा जास्त ठरून चक्कर येऊ शकते, त्यामुळे त्या काळातही रक्तदाब वरचेवर मोजावा लागेल.

फिटचे डॉक्टर आणि रक्तदाबाचे डॉक्टर वेगवेगळे असल्याने दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखव. गोळ्यांची पाकिटे सोबत ने, सकाळ-संध्याकाळच्या रक्तदाबाची नोंद तारखेसह वहीत ठेव आणि फेनोबार्बिटोन कोणत्या दिवशी सुरू झाले ते तिच्या पहिल्याच ओळीत लिही. पुढच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात जा. रक्तदाब १८०च्या वर गेला आणि छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर लगेच रुग्णालय गाठा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझे,
बाबा