लॉ क्लार्कची मुदत संपते, त्यानंतर काय?

मा. विधी व न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

उच्च न्यायालयात ठरावीक मुदतीसाठी लॉ क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांचे संशोधन-सहायक, म्हणून काम करून वकिलीत उतरणाऱ्या मुलामुलींचे पहिले सहा महिने कशात जातात, हे आपल्या विभागाने एकदा जवळून पाहावे.

पहिली अडचण सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. त्यामुळे आधी काढलेली सनद स्थगित ठेवावी लागते, आणि ती पूर्ववत होईपर्यंत वकीलपत्रावर सही करता येत नाही. अर्ज उशिरा गेला की तेवढे आठवडे घरी बसणे आले.

खरी दमछाक फायलिंगला, म्हणजे प्रकरण दाखल करताना, होते. क्लार्कने निवाडे शोधलेले असतात, नोट्स काढलेल्या असतात; पण याचिका बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येते कशी, हे न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये बसून कळत नाही. दाखल केल्यावर आधी नुसता तात्पुरता स्टॅम्प नंबर मिळतो. मग कार्यालयाची ऑब्जेक्शन, म्हणजे त्रुटी, निघतात: एक्झिबिटची (जोडलेल्या कागदाची) झेरॉक्स पुसट आहे, मराठी सातबाऱ्याचे भाषांतर नाही, पान क्रमांक अनुक्रमणिकेशी जुळत नाहीत, वकीलपत्रावर वेल्फेअरचे (वकील कल्याण निधीचे) तिकीट नाही. ती मुदतीत काढली नाहीत तर प्रकरण नामंजूर होऊ शकते. नोटीस बजावल्याचे प्रतिज्ञापत्र राहिले, तर मुद्दा कितीही भक्कम असो, पुढची तारीख पडते. पक्षकार याचा दोष वकिलाला देतो, आणि तो रास्तच आहे.

त्यात मानधन थांबलेले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्येच नव्या वकिलांसाठी दरमहा ५,००० रुपयांची योजना आणली होती.

क्लार्कशिपचे नियम उच्च न्यायालय करते, हे आम्ही जाणतो. पण तिजोरी राज्याची आहे. म्हणून उच्च न्यायालयाशी बोलून शेवटचे चार आठवडे क्लार्कला फायलिंग विभागात बसवावे. मुदत संपण्याच्या दिवशीच तारखांसह अनुभवाचा दाखला हातात द्यावा; दिवाणी न्यायाधीश पदासाठीच्या ३ वर्षांच्या वकिलीत क्लार्क म्हणून केलेले कामही धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि जे तालुका किंवा जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करतील, त्यांना पहिले वर्षभर विद्यावेतन द्यावे. याची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.

आपले,
उच्च न्यायालयातील काही ज्युनिअर वकील