अण्णांच्या कॅमेऱ्याबद्दल, दिगूस

दांडी, मालवण
नारळी पौर्णिमेनंतरचा गुरुवार

प्रिय दिगू,

अण्णांचा कॅमेरा मी कापला. हे आधी सांगून टाकतो, कारण हे सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणूनच तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला उत्तर गेलं नाही. फोनवर दोनदा बोललो, दोन्ही वेळा पावसाचं आणि बांगड्यांच्या भावाचं बोलून ठेवून दिला. तुला संशय आला असणार.

माझी तब्येत बरी आहे, साखर ताब्यात आहे. काकीचे गुडघे पावसात दुखतात, बाकी ठीक. घराची कौलं मी चाळून घेतली, त्याची काळजी करू नकोस.

आता कॅमेऱ्याचं. शिमग्याला तू ट्रंकेची किल्ली देऊन गेलास तेव्हा म्हणालास, ‘बघून ठेव, वाळवी लागली असेल तर.’ वाळवी नव्हती. डांबराच्या गोळ्यांत, अण्णांच्या बोटीवरच्या स्वेटरात गुंडाळलेला होता तसाच होता. भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशीची दोन जाळी, भात्याच्या कोपऱ्यांना चिरा. मी पडवीत बसून तो उघडला, पुढचं झाकण खाली पाडलं, भाता ओढला, आणि तो जो ‘टक’ आवाज येतो ना, तो आला. तुझ्या घराच्या पडवीत तो आवाज किती वर्षांनी झाला असेल, सांग.

पोलरॉइड 110ए, पाथफाइंडर. अण्णा ‘पातफाइंडर’ म्हणायचे आणि आपण ‘पाथरफोड्या’. पुढे रोडेनश्टॉकचं इझारेक्स भिंग, 127 मिलिमीटर, 4.7 चं. मला आता कळतंय की अण्णांनी आणलं ते केवढं नामी भिंग होतं. तेव्हा आपल्याला त्यातलं काय कळत होतं? आपलं लक्ष अण्णांच्या मोजण्याकडे. फोटो काढला की मागची पट्टी ओढायची, आणि मग अण्णा घड्याळ न बघता साठपर्यंत मोजायचे. मधे कोणी बोललं की डोळे वटारायचे. मग मागचं दार उघडून ओला फोटो सोलून काढायचे, त्यावर ती व्हिनेगरच्या वासाची बोळ्याची नळी फिरवायचे, आणि उरलेला काळा कागद फेकून द्यायचे, तो आपण उचलायचा. एका रोलात आठच फोटो. मुंबईला बोट लागेपर्यंत दुसरा रोल नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला आयुष्यात दोन किंवा तीन.

आणि निगेटिव्ह नाही! हेच तर सगळं दुखणं. एक फोटो म्हणजे एकच. तो गेला की गेला. रापणीच्या होडीतला आपला दोघांचा फोटो तू हरवलास. होय, तूच. तुझ्या भूगोलाच्या वहीत होता, मी स्वतः पाहिला होता, आणि तू आजतागायत माझ्यावर ढकलतोस. पन्नास वर्षं झाली, मी ते सोडलेलं नाही.

ह्या कॅमेऱ्याचा रोल 1992 साली कंपनीने बंद केला. अण्णा तेव्हा म्हणाले, ‘आता ह्याका ट्रंकेत ठेवा, हो आमच्यासारखोच रिटायर.’ तुला आठवत असेल. काहीजण अशा कॅमेऱ्यांना मागून नंतरच्या पॅक फिल्मची, म्हणजे रोलऐवजी गठ्ठ्यात येणाऱ्या झटपट फिल्मची, पाठ बसवून घेत होते. तसं केलं असतं तरी पुन्हा तिथेच आलो असतो, कारण शेवटची फुजीची पॅक फिल्मही 2016 साली बंद झाली. झटपट फोटोचा रस्ता ह्या कॅमेऱ्यापुरता संपला. उरली ती मोठी सुटी फिल्म, चार बाय पाच इंची. ती अजून बनते, आपण स्टुडिओत वापरायचो तशीच, कडेला खाचा असलेली. अंधारात खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागली की मसाल्याची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या लेपाची, बाजू आपल्याकडे. मी परवा फिल्म भरली तेव्हा हे बोटांना आपोआप आठवलं, मला आठवायच्या आधी.

तू म्हणशील, कापायच्या आधी माझ्या सांगण्याप्रमाणे का नाही केलंस? केलं, दिगू. एप्रिलभर तेच केलं. तू सांगितलंस तसं एक्स-रेची फिल्म लाल दिव्यात मापाने कापली, एकेक तुकडा अंधारात मागच्या दाराच्या आत चिकटवला, दार लावलं, बाहेर आलो, फोटो काढला, पुन्हा अंधारात गेलो. दिवसाला चार फोटो. त्या फिल्मला दोन्ही बाजूंना मसाला, ट्रेमध्ये जरा घासली की ओरखडा. आणि मुख्य म्हणजे तुकडा सपाट राहीना. उकाड्यात मधोमध त्याचं पोट सुटायचं. कडा स्पष्ट आणि माणसाचा चेहरा पुसट, किंवा उलट. एकवीस तुकडे केले, त्यातला एकही तुला दाखवण्यासारखा नाही.

मग ठरवलं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू ‘नको’ म्हणाला असतास, आणि तुझ्या ‘नको’नंतर मला हात लावता आला नसता. हे चुकलं. कॅमेरा माझा नव्हता. मला ह्याबद्दल काहीही म्हण, मी ऐकून घेईन.

आबा मेस्त्रीकडे नेला तर त्याने हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत दिला. ‘अण्णांचो ना? मी नाय कापूचय. तू काप, मी चौकट करून देतय.’ मग त्याच्याच शेडमध्ये शेगड्याच्या पकडीत धरून, फडक्यात गुंडाळून, मीच कापला. दोन्ही टोकांना रोल बसायच्या ज्या खोल्या होत्या त्या, आणि मागचं दार. हॅकसॉ ब्लेड अॅल्युमिनियमवर पहिल्यांदा घसरलं आणि काळ्या कातड्याखाली पांढरी रेघ उमटली. त्या क्षणी थांबलो असतो तर कॅमेरा जसा होता तसाच राहिला असता, नुसता एक ओरखडा. आबा बघत होता. काही बोलला नाही. मी पुन्हा ब्लेड त्याच रेघेत ठेवलं. पाऊण तास लागला. नंतर कानशीने कडा साफ केल्या आणि चुरा झाडला, तर तो चुरा फडक्यातच राहू दिला, टाकवेना. अजून आहे तो, औषधाच्या बाटलीत.

चौकट सागवानाची. गावच्या घराच्या जुन्या खिडकीचं लाकूड, इतकं वाळलेलं की ह्या पावसात तसूभर फुगलं नाही. फळ्याला लावायचा काळा रंग आतून दिला. भाता अंधारात धरून आत टॉर्च पेटवली तर कोपऱ्याकोपऱ्यांत चांदण्या! पंक्चरचं सोल्यूशन आणि छत्रीचं काळं कापड लावून एकेक बुजवली. शटरचा एक सेकंद चार सेकंद चालत होता, तो पेट्रोलने धुऊन ताळ्यावर आणला. मागून चित्र बघायची धूसर काच बाजारात मिळेना, म्हणून फोटोफ्रेमची काच घेतली आणि बंदरावरच्या इंजिनवाल्याकडून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मागून आणली. दोन काचा एकमेकींवर आठाच्या आकड्यात तासभर घासल्या. त्या काचेवर पहिल्यांदा सिंधुदुर्ग उलटा दिसला तेव्हा मी काळ्या कापडाखाली एकटाच मोठ्याने हसलो. तट खाली आभाळात लोंबतोय, समुद्र वर. तू हवा होतास.

आणि फिल्म धुतली तर किल्ला पुसट.

नुसता पुसट नाही, धुक्यात गेल्यासारखा. मला वाटलं कापताना मी भिंगाचं नळकांडं हलवलं, आता हे कशानेही दुरुस्त होणार नाही. दोन रात्री झोप नाही. आणखी तीन फिल्म घातल्या, तिन्ही तशाच, आणि चार बाय पाचची एकेक फिल्म मुंबईहून मागवावी लागते, माहीत आहे ना तुला. तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंग लावून बघत होतो तर खळ्यातली तुळस दिसली. वृंदावनाच्या गिलाव्याची भेग, मंजिरीचा दाणा न् दाणा, काकीने लावलेल्या उदबत्तीची काडी. सगळं सुईसारखं. मी टेप घेऊन धावलो. पडवीतून तुळस अकरा फूट.

मग कागदावर हिशोब मांडला. ह्या भिंगाचं लक्ष अनंतावरून अकरा फुटांवर यायला भिंग फिल्मपासून पाच मिलिमीटर जास्त लांब हवं. आणि होल्डरमध्ये, फिल्म ठेवायच्या त्या चपट्या डबीत, फिल्म तोंडापासून किती आत असते? पाच मिलिमीटर! मी धूसर काच चौकटीला समपातळीत बसवली होती, होल्डर टेकतो तिथेच. काचेवर किल्ला स्पष्ट, पण फिल्म त्याच्या मागे पाच मिलिमीटर बसलेली. भिंगाचा काही दोष नव्हता, कापण्याचाही नव्हता. किती हलकं वाटलं सांगू! आबाकडून काचेखाली पाचाची खाच पाडून घेतली, भात्याच्या रुळावरची थांबायची खूण तेवढीच मागे सरकवली. उघड्या भिंगाला अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा चालत नाही, म्हणून पत्त्यांच्या कॅटातली पानं कापून खाली घालत घालत जमवलं. बदामाची राणी गेली त्यात, पुढच्या वेळी रमी एकावन्न पानांची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. परवा, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, काकीला पडवीत बसवलं. तिने कॅमेरा ओळखला, मांडीवर घेतला, मागे हात फिरवला. माझे पाय कापत होते. म्हणाली, ‘ह्येची पाठ खंय गेली?’ मी म्हटलं, काकी, जुनी मोडकी होती, नवी बसवली. ‘बरां केलंस,’ म्हणाली, ‘माजी पण अशीच बदलून दी.’

मग तिने पदर नीट केला, कुंकवाच्या जागी सवयीने बोट नेलं आणि खाली घेतलं. दुर्बिणीतून अंतर मोजायचं अजून जुळलेलं नाही, म्हणून मी टेपने मोजलं, होल्डरची पट्टी ओढली, आणि दाबलं. शटरचा आवाज झाला.

आणि काकी मोजायला लागली, दिगू. एक, दोन, तीन. ओठांतल्या ओठांत, जप करावा तशी. मला आधी वाटलं काहीतरी पुटपुटतेय. वीसच्या पुढे गेली तेव्हा मला कळलं आणि मी पट्टी हातात धरून तसाच उभा राहिलो. ती परत घालायचंही सुचेना. बाहेर सोन्याच्या नारळाची मिरवणूक चालली होती, ढोल वाजत होते, मधेच कोणीतरी मला हाक मारली, तर काकीने डोळे वटारले. अण्णांसारखे. साठ झाले आणि तिने हात पुढे केला. ‘दी रे.’

मी म्हटलं, काकी, आता उद्या मिळेल. ती म्हणाली, ‘मगे साठ कित्याक मोजलय?’ आणि हसली. खूप हसली. मला मात्र काही बोलता येईना, आणि हे इथे कोणाला सांगूही शकलो नाही. सांगून कळणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह दाखवली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होती. ‘माजे केस काळे झाले मरे!’ आता ती निगेटिव्ह तिच्याकडेच आहे, पोथीत. फोटोचा कागद अजून आला नाही, आला की तुझ्यासाठी एक प्रत काढतो. दोन काढतो. हवे तितके काढतो, आता काढता येतात!

कापलेलं दार आणि दोन्ही तुकडे मी स्वेटरात गुंडाळून ट्रंकेत परत ठेवलेत. ते जोडून पूर्वीसारखं होणार नाही, मी आबाला विचारलं. तुझ्या मनाला हे लागलं असेल तर सांग, आणि कॅमेरा ठाण्याला घेऊन जायचा असेल तर तसंही सांग, मी नीट बांधून देईन. मी काढलेला तो एक फोटो पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही, कारण मला अजून काढायचे आहेत. पण हक्क तुझा.

तुझं निवृत्तीचं जमलं का? मुलीचं पुण्याचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, काकी रोज विचारते.

चतुर्थीला येशील ना? सिंधुदुर्गाच्या तटाखाली रापणीची होडी उभी करून घेऊ, मी बोलून ठेवलंय. आपण दोघे त्याच जागी बसू. दाबायला काकी आहे. येताना फिक्सर आण, इथला संपला.

तुझा,
सदा