आम्ही आचारी, आचार्य नव्हे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंचवटीत आमचा लग्नकार्याच्या स्वयंपाकाचा व्यवसाय आहे. वडिलांनी रंगवून घेतलेल्या पाटीवर आडनावापुढे '& सन्स' आहे. सिंहस्थ जवळ आला म्हणून यंदा वेबसाइट करून घेतली, तर तिथे '&एएमपी; सन्स' उमटलं, ते एएमपी इंग्रजी अक्षरांत. खाली 'अनुभवी आचार्यांच्या हातचा स्वयंपाक', मेनूत 'पुर्या' आणि 'भाकर्या'. एका यजमानांनी फोनवर विचारलं, आचार्यांची दक्षिणा वेगळी द्यायची का?

साइटवाल्याने हात झटकले : "काका, मराठी फॉन्टचा प्रॉब्लेम आहे." इंजिनिअरिंगला असलेल्या पुतणीने पानाचा कोड उघडला. फॉन्ट बिचारा निर्दोष निघाला. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, '&' आणि '<' या चिन्हांना खास अर्थ असतो. म्हणून मजकुरातल्या '&'साठी '&एएमपी;' हा संकेत लिहायचा, ब्राउझर त्याचा पुन्हा '&' करून दाखवतो. इथे मजकूर भरणाऱ्याने तो संकेत घातला आणि वर सॉफ्टवेअरनेही घातला. आमटीत दोघांनी मीठ टाकलं की होतं तेच.

'ऱ्या'चा घोळ त्याहून भारी. आमच्या मजकुरात 'र'चा पाय मोडल्यावर, 'य'च्या आधी, एक न दिसणारं जोडचिन्ह होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, त्याचा क्रमांक ८२०५. ते असलं तर 'र' आडवा होऊन 'य'ला चिकटतो, नसलं तर रफार होऊन डोक्यावर चढतो. दिसत नाही म्हणजे कचरा, असं धरून सॉफ्टवेअरने ते सगळीकडून पुसलं आणि आचाऱ्यांचे आचार्य झाले! पुतणीने सरळ खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडला. त्याला जोडचिन्ह लागतच नाही. '₹'साठीही संकेत नको म्हणाली, पान यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं साठवायच्या पद्धतीत, असलं की थेट टाइप करायचं.

सिंहस्थासाठी गावातले लॉजवाले, खानावळवाले साइट करून घेतीलच. त्यांना एवढंच सांगणं, की पैसे चुकते करण्याआधी 'पुऱ्या, दऱ्या, तऱ्हा' आणि एक '&' साइटमध्ये भरून मोबाइलवर बघा. बिघडलं तर फॉन्टची सबब ऐकून घेऊ नका.

आमची साइट आता ठीक आहे. तिच्यावरून मजकूर उचलून छापलेली ५०० कार्डं मात्र आचार्यांसकट कोठीत पडून आहेत.

— एक आचारी, पंचवटी, नाशिक