जिन्यातला दिवा बंद, तरी होल्डरमध्ये करंट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरातल्या दिव्यांवर बरंच येतं, कुठला दिवा कुठे शोभेल वगैरे, आणि मी ते आवडीने वाचतो. पण त्या दिव्यापर्यंत वायर कशी जाते यावर फारसं काही येत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कृपया मधला भाग कापू नका.

आमच्या जिन्यात एक दिवा आहे, खाली एक बटण आणि वर एक, दोन्हीकडून लागतो-विझतो. बल्ब चांगला चालू होता, बाबांना फक्त जास्त उजेडाचा लावायचा होता. त्यांनी बटण दाबलं, दिवा विझला हे डोळ्यांनी बघितलं, मग स्टुलावर चढले, बल्ब काढला आणि बोट होल्डरच्या पिनेला लागलं तर सणसणीत शॉक. मी स्टूल धरून उभा होतो म्हणून ते जिन्यावरून खाली गेले नाहीत. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या वायरमनला बोलावलं, त्याने दोन्ही बोर्ड उघडले आणि दोन मिनिटांत सांगितलं की मूळ वायरिंगच चुकीचं आहे. दोन्ही बटणांना फेजही (करंट आणणारी वायर) दिलाय आणि न्यूट्रलही (करंट परत नेणारी), आणि दिवा दोन बटणांच्या मधल्या स्क्रूंमध्ये लटकवलाय. एका बटणावरून फेज आला आणि दुसऱ्यावरून न्यूट्रल, की दिवा लागतो. दोन्हीकडून न्यूट्रल आला तर विझतो. आणि दोन्हीकडून फेज आला तरी विझतोच! म्हणजे जिन्यात अंधार, पण होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत. बाबांचं बोट नेमकं त्या वेळी लागलं.

बरोबर पद्धत काही अवघड नाही. जिन्यासाठी टू-वे स्विच लागतो, त्याला तीन स्क्रू असतात, एक कॉमन आणि दोन वाटा, आणि बटण कॉमनला एका वेळी एकाच वाटेशी जोडतं. फेज खालच्या स्विचच्या कॉमनला द्यायचा, दोन्ही स्विचच्या वाटा एकमेकींना दोन वायरींनी जोडायच्या, आणि वरच्या स्विचच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे न्यायची. न्यूट्रल कुठल्याच बटणातून जात नाही, थेट दिव्याला. एवढंच. अशी जोडणी असेल तर दिवा विझला की होल्डरकडे जाणारा फेज तुटलेलाच असतो, मग बटणं कुठल्याही बाजूला असोत. तीन ठिकाणांहून दिवा हवा असेल तर मध्ये चार स्क्रूंचा इंटरमीजिएट स्विच बसतो, तो त्या दोन वायरींची अदलाबदल करतो.

मग लोक चुकीचं का करतात? मला समजलं ते असं की बऱ्याचदा पाइपमधून आधीच कमी वायरी ओढलेल्या असतात, प्लास्टर झालेलं असतं, आणि दोन्ही बोर्डांत प्लगसाठी फेज-न्यूट्रल आयता असतो. मग दोन बोर्डांमध्ये त्या दोन वायरी ओढायची मेहनत वाचते. दुसरं कारण, कॉमन आणि वाट यांची अदलाबदल झाली तर एक बटण एका बाजूला असताना दुसऱ्याने दिवा लागतच नाही, आणि खरी चूक शोधायचा कंटाळा आला की हा शॉर्टकट मारला जातो. कॉमन बहुतेक वेळा मधला स्क्रू असतो पण नेहमी नाही, मल्टीमीटरने (व्होल्ट आणि जोडणी तपासायचं उपकरण) बघितलं की लगेच कळतं, त्यासाठी अंदाज कशाला बांधायचा?

आणि धोका फक्त होल्डरचा नाही. एकाच लहानशा स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी आले की आतली पट्टी झिजून ठिणगी पडली तर तिथेच शॉर्ट सर्किट. घरात थ्री-फेज असेल आणि दोन बोर्ड वेगवेगळ्या फेजवर असतील तर दोन्हीकडून फेज आल्यावर दिव्याला 230 ऐवजी 400 व्होल्ट मिळतात. खालचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा असला, आणि दोन्ही सर्किटं एकाच आरसीसीबीवर (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसली, तर तो सारखा ट्रिप होतो आणि लोक शेवटी वैतागून तोच काढून टाकतात, हे तर मला सगळ्यात भयंकर वाटतं.

इंटरनेटवर बघून करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो. अमेरिकेत याच स्विचला थ्री-वे म्हणतात, तीन स्क्रू म्हणून, त्यामुळे शोधलं की तिकडचे व्हिडिओ समोर येतात. तिथे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल. ते रंग बघून जोडायला गेलात तर काय होईल सांगायला नको. तसंच हिरवी वायर उरलीय म्हणून ती दोन बटणांच्या मध्ये वापरू नका, पुढचा माणूस तिला अर्थिंग समजून बिनधास्त हात लावणार.

माझी विनंती दोन गोष्टींची. एक, पुरवणीत या जोडणीची साधी आकृती छापा, फेज लाल आणि न्यूट्रल काळा दाखवून. दुसरी वाचकांना, ज्यांच्या घरी जिन्यात किंवा बेडजवळ असे दोन बटणांचे दिवे आहेत त्यांनी जाणकार वायरमनकडून तपासून घ्या. दोन बटणांच्या चार स्थिती होतात, दोनात दिवा लागतो, दोनात विझतो. विझलेल्या दोन्ही स्थितींत होल्डरची प्रत्येक पिन अर्थिंगशी लावून मल्टीमीटरने बघायला सांगा, एकाच स्थितीत बघून समाधान मानू नका, कारण आमच्या घरी एकात सगळं ठीकच दिसत होतं. टेस्टर शेजारच्या वायरमुळे उगाच मिणमिणतो म्हणून मल्टीमीटर. तोपर्यंत अशा दिव्याचा बल्ब बदलताना बटणावर विश्वास नको, मेनच बंद करा.

आमचं वायरिंग आता बदललंय, दोन बोर्डांमध्ये नवीन पाइप टाकावा लागला, भिंत फोडली. बाबा बरे आहेत, पण बल्ब बदलायला आता मला हाक मारतात.

आपला,
एक नियमित वाचक